मानेवरचा थेंब आणि चिऱ्यातली गोचीड

"अगं, हे तर भातावरचं औषध आहे!" खोक्यावरची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ धरून मामा म्हणाले. "फिप्रोनिल. खोडकिड्यासाठी याचे दाणे टाकायला आम्हीच शेतकऱ्यांना सांगायचो. ते तू आता खंड्याच्या मानेवर ओतणार?"

"ओतणार नाही, मामा. मोजून सोडणार," भाची म्हणाली.

मामा कृषी खात्यातून निवृत्त झालेले. मुक्काम कुडाळ तालुक्यात, जांभ्या चिऱ्याच्या जुन्या घरात. भाची पुण्यात पशुवैद्य आहे आणि चार दिवसांच्या सुट्टीला आजोळी आली आहे. दोघांच्या मधे पडवीत आडवा झालेला खंड्या हा अठरा किलोंचा गावठी कुत्रा. त्याच्या कानांच्या पाळ्यांत आणि पायांच्या बेचक्यांत गोचिडी चिकटल्या आहेत. मामांना विषाची भीती आहे आणि भाचीला तापाची. दोघांच्याही भीतीमागे डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी आहे, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकण्याजोगं होतं. कुत्रा पाळणाऱ्या पुष्कळ घरांत हा वाद निघतो, पण 'केमिकल नको' आणि 'डॉक्टरांनी दिलंय' या दोन वाक्यांपाशीच तो संपतो.

"औषध तेच आहे, हे तुझं बरोबर," भाचीने आधी कबूल केलं. फिप्रोनिल फ्रान्सच्या रोन-पूलेंक कंपनीने १९८५ ते १९८७ च्या दरम्यान शोधलं आणि १९९३ मध्ये ते बाजारात आलं. भातात, झुरळांच्या जेलमध्ये आणि कुत्र्याच्या मानेवर ते एकाच रीतीने काम करतं. किड्यांच्या मज्जापेशींवर क्लोराइडला आत सोडणारी सूक्ष्म दारं असतात. ती उघडली की मज्जापेशीची खळबळ शांत होते. फिप्रोनिल ही दारं अडवतं. मग खळबळ थांबतच नाही आणि किडा आचके देऊन मरतो. गोचीड खरं तर कीटक नव्हे, ती कोळ्यांच्या गोतातली, पण तिचंही तसंच होतं. कुत्र्याच्या आणि माणसाच्या शरीरातली ही दारं जरा वेगळ्या घडणीची असतात. तिथे फिप्रोनिल तितकं घट्ट बसत नाही.

"जरा वेगळी म्हणजे किती?" मामांनी आकडा मागितला. आयुष्यभर हेक्टरी मात्रा सांगत आलेला माणूस विशेषणावर समाधान मानणार नाही.

"प्रयोगशाळेतल्या उंदरांना तोंडाने दिलं, तर वजनाच्या किलोमागे ९७ मिलिग्रॅमच्या आसपास निम्मे मरतात. खंड्याच्या वजनगटाच्या नळीत १.३४ मिलिलिटर द्रव आहे, त्यात १३४ मिलिग्रॅम औषध. किलोमागे साडेसात मिलिग्रॅमसुद्धा होत नाही. आणि ते जाणार कातडीवर, पोटात नाही."

"चाटलं तर?"

"तोंडाला फेस येईल, लाळ गळेल, कदाचित ओकेल. म्हणून तर जीभ पोचणार नाही अशी जागा निवडायची. पण एक सांगते, शेतीच्या दुकानातून पाच टक्क्यांचं फिप्रोनिल आणून कुत्र्याला चोळणारे लोक आहेत. ते कधीच करायचं नाही. त्यातले बाकीचे द्रव पानावर पसरण्यासाठी असतात, कातडीवर त्यांची परीक्षा झालेली नसते."

मामांनी मान डोलावली, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. त्यांच्या लहानपणी गोठ्यातल्या जनावरांना आणि कुत्र्यांना गॅमेक्सिनची भुकटी सर्रास चोळली जाई. तीही तेव्हा निर्धोकच म्हणवली जात होती. त्या भुकटीतलं बीएचसी १९९७ मध्ये भारतात बंद झालं. डीडीटी शेतीतून १९८९ मध्येच गेलं होतं. आणि यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, ती बातमी मामांसारख्या माणसाला निवृत्तीनंतरही झोंबत राहिली.

"मी औषधांचा शत्रू नाही," ते म्हणाले. "माझी हयात औषधं सांगण्यात गेली. पण दर पंधरा-वीस वर्षांनी एक औषध 'आता हे सुरक्षित' म्हणून येतं आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्याचे गुण बाहेर पडतात. ज्या घरात लहान नातवंडं कुत्र्याच्या गळ्यात पडतात, त्या घरात मी हे का आणू? करंजाचं तेल आहे, कडुलिंब आहे."

"कडुलिंबाला मी टाकाऊ म्हणणार नाही. गोचिडीच्या पिल्लांवर त्याचा काही परिणाम दिसतो. पण किती तेल, किती दाट, किती दिवस, याचं मापच नाही. तेल लावलेलं अंग खंड्या दिवसभर चाटणार. आणि गावात याच्या पलीकडे काय काय चालतं, ते तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. रॉकेलचा बोळा फिरवतात, त्याने कातडी भाजून निघते. तंबाखूचं पाणी लावतात, त्यातलं निकोटिन कातडीतून अंगात भिनतं. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, उवांसाठी ती वापरणाऱ्या माणसांवरही ही वेळ आलेली आहे. शिवाय गोठ्यासाठी आणलेलं डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालण्याची पद्धत आहेच. मामांनीही मागच्या वर्षी अमिट्राझ वापरलं होतं, तेही उघड्या हातांनी. ते ऐकून भाचीचा आवाज चढला. मामांना मधुमेह आहे. अमिट्राझ रक्तातली साखर वाढवू शकतं, मधुमेह्यांनी ते हाताळू नये अशी सूचनाच असते.

घरगुती म्हणजे सौम्य हा समज किती खोल रुजलेला आहे, हे अशा वेळी दिसतं. विष कुठल्या दुकानातून आलं यावर त्याचा धोका ठरत नाही. धोका मात्रेवर ठरतो आणि अंगाशी त्याचा संबंध किती येतो यावर ठरतो. या मुद्द्यावर प्रस्तुत लेखक पूर्णपणे भाचीच्या बाजूचा आहे.

"आणि काहीच केलं नाही तर?" मामांनी विचारलं. "आमच्या लहानपणी कुत्र्यांना गोचिडी असायच्याच. कुत्री जगायची."

"मरायचीही, मामा. कशाने मेली ते कुणी तपासत नव्हतं."

भाची जे सांगत होती ते तिच्या रोजच्या कामातलं होतं. आपल्याकडच्या कुत्र्यांवर सगळ्यात जास्त आढळणारी तपकिरी गोचीड रक्त पिताना एर्लिकिया कॅनिस नावाचा जिवाणू सोडते. लोक त्या आजाराला 'टिक फीव्हर' म्हणतात. कुत्रा जेवण सोडतो, ताप येतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, रक्तातल्या प्लेटलेट घसरतात, कधी नाकातून रक्त येतं. हा जिवाणू १९३५ मध्ये अल्जीरियात प्रथम ओळखला गेला. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याची शेकडो कुत्री याच आजाराने दगावली, तेव्हा जगाचं त्याकडे नीट लक्ष गेलं. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिनच्या अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्यांनी तो बहुधा आटोक्यात येतो. उशीर झाला की अस्थिमज्जाच हात टेकते आणि मग उपचाराला फारसं काही उरत नाही. दुसरा आजार बबेसियाचा. हे परजीवी तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतात, लघवी गडद चहासारखी होते. त्यातली बबेसिया गिब्सोनी ही जात तर आपल्या देशातच, मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत, १९१० मध्ये प्रथम नोंदली गेली.

"आणि माकडताप?" मामांच्या मनात ते असणारच होतं. दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून त्या तापाने माणसं आजारी पडली, काही गेली. सिंधुदुर्गात 'गोचीड' हा शब्द तेव्हापासून घाबरत उच्चारला जातो.

"ती गोचीड वेगळी. हीमाफायसॅलिस, रानातली. माकडताप माकडं, रानउंदीर आणि ती गोचीड यांच्यात फिरतो. खंड्याच्या मानेवर औषध टाकलं म्हणून काजूच्या बागेत जाताना तू सुरक्षित झालास, असं होत नाही. तिथे लांब बाह्या, पायाला लावायचं तेल आणि आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, हेच."

आता मामांनी नेमका प्रश्न टाकला. "हे औषध गोचिडीला चावू देत नाही, की चावल्यावर मारतं?"

"चावल्यावर," भाची म्हणाली. "मरायला अठ्ठेचाळीस तासांपर्यंत लागतात."

"आणि ताप अंगात जायला?"

"एर्लिकियाला काही तास पुरतात."

"मग उपयोग काय?"

इथे भाचीने घाईने उत्तर दिलं नाही, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं. औषधाची खरी मर्यादा तिने लपवली नाही. फिप्रोनिल हे कवच नव्हे. चिकटलेली मादी अंडी घालण्याआधी मरते, त्यामुळे पुढची पिढी तुटते, चाव्यांची संख्या घटते आणि तेवढ्या प्रमाणात आजाराची शक्यताही कमी होते. गोचिडीला अंगावर बसूच देत नाहीत अशीही औषधं आहेत, पर्मेथ्रिन असलेली. मग तेच का नाही, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर चुलीपाशी झोपलेलं होतं. मामांच्या घरात मांजर आहे, आणि मांजराच्या यकृताला पर्मेथ्रिन पचवता येत नाही. कुत्र्यासाठीची पर्मेथ्रिनची नळी मांजरावर रिकामी केली, किंवा ओल्या अंगाच्या कुत्र्याला मांजर बिलगून झोपलं, तर मांजराला झटके येतात, जीवही जातो. पशुवैद्यांकडे येणाऱ्या विषबाधांपैकी ही सगळ्यात टाळता येण्याजोगी असेल.

"म्हणून घरात मांजर असेल तर खोक्यावरचं नाव वाचल्याशिवाय नळी कापायचीच नाही," भाची म्हणाली. सशांनाही फिप्रोनिल चालत नाही, हेही तिने जाता जाता सांगितलं.

मामांचा पुढचा मुद्दा खर्चाचा होता, आणि तो क्षुल्लक नव्हता. "वीस ते चाळीस किलोंची नळी आण. अर्धी आज, अर्धी पुढच्या महिन्यात. शेतकरी असाच हिशेब करतो."

"त्या नळीत २.६८ मिलिलिटर असतं, म्हणजे हिशेब कागदावर जमतो. पण उघडलेली नळी महिनाभर तशीच राहत नाही. त्यातला द्रावक उडतो, औषध दाट होतं, आणि अर्धं म्हणजे नेमकं किती, ते डोळ्यांनी कळत नाही. कमी पडलं तर गोचिडी मरत नाहीत. अर्धवट मात्रेतून वाचलेल्या गोचिडी पुढे काय करतात, ते तू मला सांग."

मामांना सांगायची गरज नव्हती. औषधाला दाद न देणारी कीड त्यांनी बोंडअळीच्या रूपाने पाहिली होती. अमेरिकेतल्या फ्लोरिडात पर्मेथ्रिनला न जुमानणाऱ्या तपकिरी गोचिडी नोंदल्या गेल्या आहेत. आपल्याकडे गुरांवरच्या गोचिडींनी डेल्टामेथ्रिनला तसंच उत्तर दिलं आहे. या एका मुद्द्यावर मामा आणि भाची पहिल्यांदा एकाच बाजूला आले.

मग प्रत्यक्ष काम. भाचीने हातमोजे घातले. खंड्याला शेवटची आंघोळ तीन दिवसांपूर्वी झाली होती, याची तिने खात्री करून घेतली. आंघोळीआधी आणि नंतर निदान दोन दिवसांचं अंतर हवं, कारण हे औषध पाण्यावर नव्हे तर कातडीच्या तेलावर चालतं. तेलाबरोबर ते दिवसभरात, फार तर दोन दिवसांत, अंगभर पसरतं, केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथींत साठतं आणि तिथून महिनाभर झिरपत राहतं. शाम्पूने कातडीचं तेल धुऊन काढलं की पसरायला वाटच उरत नाही. दर आठवड्याला फेसाळ आंघोळ घालून 'औषध लागू पडत नाही' म्हणणाऱ्यांची अडचण बहुधा हीच असते.

"केसांवर नाही, मामा, कातडीवर. हे बघ." तिने दोन खांद्यांच्या मधे, मानेच्या बुडाशी, केसांचा भांग पाडला. पांढुरकी कातडी दिसेपर्यंत. नळीचं टोक थेट कातडीला टेकवलं आणि दाबली. अंगावर ओघळ गेला तर तेवढं औषध केसांवर सुकून वाया जातं, म्हणून थोडं खाली सरकून उरलेलं तिथे सोडलं. सगळं अर्ध्या मिनिटात झालं. नंतर जागा चोळली नाही. "सुकेपर्यंत मुलांनी हात लावायचा नाही, आज रात्री कुणी याला कुशीत घ्यायचं नाही. चुलीपासून दूर ठेव, द्रावक पेट घेणारा असतो."

आधीच चिकटलेल्या गोचिडी तिने चिमट्याने काढल्या. कातडीच्या अगदी लगत धरायचं आणि सरळ वर ओढायचं. काडेपेटीची काडी, तेल, पिळा देणं, काहीही नाही. निघालेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत. नखावर चिरडायची नाही, कारण तिच्या पोटातलं रक्त हाताच्या चिरेतून आपल्या अंगात जाऊ शकतं.

"झालं?" मामांनी विचारलं.

"अर्धं झालं. आता भिंत."

कुत्र्यावर औषध टाकणारी बहुतेक माणसं इथेच चुकतात, कारण गोचीड कुत्र्यावर राहते असं त्यांना वाटतं. ती कुत्र्यावर फक्त जेवायला येते. सहा पायांचं पिल्लू एकदा रक्त पितं आणि गळून पडतं, कात टाकतं, आठ पायांचं होतं. पुन्हा एकदा येतं, पुन्हा पडतं. प्रौढ मादी तिसऱ्यांदा येते, टम्म फुगते, खाली उतरते आणि एखाद्या फटीत हजारो अंडी घालून मरते. आयुष्याचा मोठा भाग असा घरात जातो. तपकिरी गोचिडीला वर चढण्याची सवय असते, म्हणून ती जमिनीवर कमी आणि भिंतीच्या वरच्या भागात, चौकटीच्या सांध्यात, वाशांपाशी जास्त सापडते. जांभ्याचा चिरा म्हणजे तर नुसत्या भोकांचा दगड. प्लास्टर नसलेल्या चिऱ्याच्या भिंतीएवढं सोयीचं बाळंतघर तिला दुसरं मिळणार नाही. प्रौढ गोचीड उपाशीपोटी महिनोन्‌महिने दम धरते, त्यामुळे कुत्रा काही दिवस दुसरीकडे नेला म्हणून ती मरत नाही. पिसवांचंही तसंच. मादी पिसू दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते, ती अंगावरून गळतात आणि कोष गोणपाटात, फटीत वाट पाहत राहतात.

हे ऐकताना मामांचा सूर पालटला. आता विषय त्यांच्या हातखंड्याचा होता. पडवीच्या कुठल्या कोपऱ्यात चिऱ्यांच्या दरजा उघड्या आहेत, कुठे चुन्याने बुजवता येतील, खंड्याचं गोणपाट कुठल्या दिवशी उकळत्या पाण्यातून काढायचं, हे ते स्वतःच सांगू लागले. फवारणी न करता निम्मी लढाई जिंकता येते, हे कीड-व्यवस्थापनाचं तत्त्व त्यांनी शेतकऱ्यांना शिकवलं होतं. भाचीला गावठी घराची ही बाजू त्यांच्याइतकी माहीत नव्हती.

आणि मग मामांनी आपला सगळ्यात भक्कम मुद्दा काढला. घराच्या खालच्या अंगाने व्हाळ वाहतो. खंड्या दुपारी त्यात जाऊन बसतो.

"तिकडे इंग्लंडात नद्या तपासल्या, ते मी वाचलंय," ते म्हणाले. "तू वाचलंयस?"

तिनेही वाचलं होतं. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या वीस नद्यांचे २०१६ ते २०१८ या काळातले नमुने अभ्यासले. ९८ टक्के नमुन्यांत फिप्रोनिल होतं. तिथल्या शेतांत ते जवळजवळ वापरलंच जात नव्हतं, म्हणजे बोट कुत्र्या-मांजरांच्या औषधांकडे गेलं. पाळीव प्राण्याची आंघोळ, त्याचं अंथरूण धुणं, इतकंच काय, त्याला कुरवाळून नंतर हात धुणं, या सगळ्या वाटांनी ते सांडपाण्यात उतरतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टिट जातीच्या लहान पक्ष्यांची, प्राण्यांच्या केसांचं अस्तर असलेली १०३ घरटी तपासली गेली. प्रत्येक घरट्यात फिप्रोनिल सापडलं. जिथे अशी विषं जास्त, तिथे न उबलेली अंडी आणि मेलेली पिल्लंही जास्त होती. जलकीटकांना, माशांना आणि मधमाश्यांना हे औषध फार थोड्या मात्रेत भोवतं.

"यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही," भाची म्हणाली. "मी उपाय सांगू शकते, निर्दोष उपाय नाही."

तिचे उपाय असे. पहिले दोन दिवस खंड्याला व्हाळापासून पूर्ण अडवायचं, आणि महिनाभर शक्य तितकं. विंचरून निघालेले केस परसात उडवायचे नाहीत, कागदात गुंडाळून कचऱ्यात. रिकामी नळी व्हाळात नाही. पाण्यात बसण्याची सवय मोडणारच नसेल, तर पोटातून द्यायच्या गोळ्या आहेत, अफॉक्सोलॅनर किंवा फ्लुरालॅनरच्या. त्या अंगावरून धुतल्या जात नाहीत. मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या गटाबद्दल झटके आणि तोल जाण्याच्या तक्रारींची सूचना काढली आहे, त्यामुळे आधी फिट आलेल्या कुत्र्याला त्या विचारपूर्वकच द्यायच्या. त्या महागही आहेत.

मामांच्या या मुद्द्याकडे 'पर्यावरणवाल्यांचं' म्हणून दुर्लक्ष करता येणार नाही. कोकणातला व्हाळ लहान असतो, मार्च-एप्रिलात तर नुसत्या डबक्यांची माळ होतो. त्यातल्या माशा-खेकड्यांना मोठ्या नदीतल्यासारखं पातळ झालेलं विष मिळत नाही. कुत्र्याला औषध द्यावं, पण व्हाळात बसणाऱ्या कुत्र्याला हेच औषध द्यावं का, याचा विचार खोकं उघडण्याआधी व्हायला हवा. तो प्रश्न पशुवैद्याने विचारायला हवा होता. इथे तो पाळणाऱ्याने विचारला.

किती महिने, यावर मात्र दोघांचं जुळलं नाही. कोकणातली दमट, उबदार हवा गोचिडींना बारमाही मानवते, म्हणून बाराही महिने, असं भाचीचं म्हणणं. "प्रादुर्भाव नसताना फवारायचं नाही, हे मी तीस वर्षं सांगितलं," मामा म्हणाले. ते आठवड्यातून दोनदा कान, बेचकी, गळपट्ट्याखालची जागा बोटांनी चाचपणार आणि एक जरी गोचीड सापडली तरी नळी आणणार. शेवटी पहिले तीन महिने सलग, एवढ्यावर तडजोड झाली. अंड्यापासून अंड्यापर्यंतचा फेरा उबदार हवेत दोन-तीन महिन्यांचा असतो, त्यामुळे भिंतीतली आजची पिढी संपेपर्यंत कुत्र्याच्या अंगावर औषध राहील. पुढचं मामांना आपल्या बोटांवर सोपवायचं आहे. भाचीला ते पटलेलं नाही.

संध्याकाळी मामांनी स्वतःहून आणखी एक गोष्ट काढली. शेजारवाडीतला एक बेवारशी कुत्रा रोज खळ्यात येऊन खंड्याच्या ताटलीतलं उरलेलं खातो आणि भिंतीला टेकून झोपतो.

"त्याच्या गोचिडी याच चिऱ्यांत उतरत असणार ना?"

"उतरणारच."

"त्याला टाकायला हरकत नाही?"

"अंगाला हात लावू देतो का? आणि वजन किती असेल त्याचं?"

मामा म्हणाले, भाकरीने हात लावू देतो. वजनाचं उद्या बघू, भाताच्या गोण्यांचा काटा आहेच.